आमच्या मुलांच्या पाचवीला काय पुजलं आहे?

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

प्रत : मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, पालघर, प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, डहाणू

विषय : डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून पाचवीत जाणाऱ्या मुलांबाबत

महोदय,



आज महाराष्ट्र दिन. सकाळी झेंडावंदन झालं, मुलांना बिस्किटं वाटली आणि निकाल लागला. माझी मुलगी चौथी पास झाली. गुरुजींनी तिच्या हातात प्रगतिपुस्तक दिलं आणि माझ्या हातात आणखी एक कागद ठेवला : शाळा सोडल्याचा दाखला. आमची शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे वर्गातल्या सगळ्याच मुलांचे दाखले तयार होते. त्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. तिथं निळ्या शाईनं लिहिलं होतं, ‘पुढील वर्ग नाही’. मुलगी साडेनऊ वर्षांची आहे, पण वाचायला चांगलं शिकली आहे. तिनं तो कागद वाचला आणि मला विचारलं, “आई, मी कधी गं शाळा सोडली?” मला उत्तर देता आलं नाही. आपल्याला देता येईल, म्हणून हे पत्र.

आधी मी कोण ते सांगते. मी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर राहते. वारली आहे. पाड्याचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही, कारण शाळेतल्या गुरुजींना माझ्यामुळे नोटीस यावी असं मला वाटत नाही. मी बारावीनंतर डी.एड. केलं. सध्या उंबरगावच्या जीआयडीसीत पेन्सिली पॅक करते. दहा पेन्सिली, एक खोडरबर, एक शार्पनर, की झाला एक डबा. असे डबे देशभरच्या मुलांच्या दप्तरात जातात. मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्यही आहे. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. त्या निम्म्यांत मी बसते आणि महिन्याच्या महिन्याला प्रोसिडिंगवर सही करते. ज्या प्रश्नांवर आम्ही सह्या केल्या त्यांचं पुढं काय झालं, हे मात्र कुणी कधी कळवत नाही.

आपल्याला मराठीतला एक वाक्प्रचार आठवत असेल. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी पाचवी पुजतात, आणि जन्मापासून जे माणसाच्या मागे लागतं त्याला ‘पाचवीला पुजलेलं’ म्हणतात. आमच्याकडे हा शब्द शाळेतही खरा ठरतो. चौथीपर्यंत सगळं कसंबसं चालतं. शाळा पाड्यावर असते, गुरुजी ओळखीचे असतात, आजी कुडापाशी उभी राहून हाक मारू शकते. खरी परवड सुरू होते पाचवीपासून. शहरातल्या आईबापांना पाचवी म्हणजे जाडजूड पुस्तकं, नवा विषय, थोडा जास्त गृहपाठ. आमच्या मुलांच्या पाचवीला काय पुजलंय ते क्रमानं सांगते. त्यातलं बरंचसं आपल्या फायलीत असणारच.

पहिली गोष्ट वर्गाची. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्यात पहिली ते पाचवी हा एक टप्पा धरला आहे, आणि महाराष्ट्राच्या नियमांत ती शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत. शाळा उपलब्ध करून द्यायला कायद्यानंच तीन वर्षांची मुदत दिली होती. ती मार्च २०१३ ला संपली. चौथीच्या शाळांना पाचवी जोडण्याचे आदेश त्यानंतर निघाले, पुन्हा निघाले, अटी बदलून आणखी एकदा निघाले. आमच्या पाड्यापर्यंत त्यातला एकही पोचला नाही. २०१३ मध्ये जन्मलेलं मूल आज आठवीच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्या पाचवीची मुदत त्याच्या जन्माच्या वर्षीच संपली होती. आपण पुस्तकं पाचवीपर्यंत प्राथमिक म्हणून छापता, परीक्षेसाठी पाचवी प्राथमिकचा शेवट धरता, मग इमारत आणि शिक्षक देताना चौथीवरच का थांबता?

एका बैठकीत आम्ही हे विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की जवळच्या गावात पाचवीचा वर्ग आहे, अंतर नियमात बसतं. कुठल्या नियमात? नकाशावर सरळ रेघ ओढली तर ते गाव जवळच दिसतं. आमच्या आणि त्या गावाच्या मध्ये ओहोळ आहे. तो जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात भरतो आणि गणपती होईपर्यंत कधी उतरतो, कधी चढतो. ओहोळाला वळसा घातला की रस्ता चार किलोमीटर होतो. मागच्या रविवारी मुलीला घेऊन मी तो चालून पाहिला. मोबाईलवर वेळ लावली होती. कोरड्या रस्त्यानं पंचावन्न मिनिटं लागली, तीही दप्तर नसताना. पावसात, छत्री सांभाळत, चिखलातून दप्तर घेऊन तिला किती वेळ लागेल? आणि संध्याकाळी परत येताना? ही रेघ ज्यांनी नकाशावर ओढली, त्यांनी जुलैत एकदा यावं. मी ओहोळापाशी उभी राहीन.

आपण म्हणाल, सरकारनं सोय केली आहे. केली आहे ना. पाचवीपासून ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा प्रवास मोफत आहे. योजना चांगली आहे, तिचं नावही मोठं आहे. पण आमच्या पाड्यावर एसटी येत नाही. जी रिक्षा किंवा इको गाडी येते तिला सरकारी पास चालत नाही, तिला पैसे लागतात. आदिवासी मुलींना पहिली ते चौथी शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता ठरवलेला आहे. हा रुपया १९९२ साली ठरला. तेव्हापासून तो वाढला नाही, आणि पाचवीत तोही बंद होतो. पाचवी ते सातवीच्या आदिवासी मुलांना वर्षाला दीड हजाराची सुवर्णमहोत्सवी शिष्यवृत्ती आहे. शाळेचे दिवस दोनशे धरले तर दिवसाला साडेसात रुपये पडतात. साडेसात रुपयांत चार किलोमीटर जाणारी आणि आणणारी गाडी आपल्या मतदारसंघात मिळते का? आमच्याकडे नाही मिळत. पोषण आहाराचं मापही पहा : पहिली ते पाचवी एकच माप, १०० ग्रॅम तांदूळ. घराच्या अंगणातून शाळेत येणारा पहिलीचा मुलगा आणि जाऊन-येऊन आठ किलोमीटर चालणारी पाचवीची मुलगी, दोघांच्या ताटात भात तेवढाच.

मग तोंडी सल्ला मिळतो, “आश्रमशाळेत टाका.” आमच्या अर्ध्या पाड्याची पाचवी अशीच होते. दहा वर्षांचं मूल पेटी घेऊन निघतं आणि दिवाळीला परत येतं. आश्रमशाळांनी आमच्यातली कित्येक माणसं शिकवली, हे मी विसरणार नाही. मी स्वतः तिथलीच. पण घरापासून दूर झोपणं ही मुलाची निवड असावी, शाळा नाही म्हणून झालेली शिक्षा नसावी. ऑगस्ट २०२४ मध्ये डहाणू प्रकल्पातल्या आश्रमशाळांची कितीतरी मुलं जेवणानंतर आजारी पडून दवाखान्यांत भरती झाली. त्या रात्री इथल्या पाड्यापाड्यांवर आईबाप फोन हातात घेऊन बसले होते, आणि फोनला रेंज नव्हती. त्यानंतर माझ्यासारखीनं लेकीला डोळे मिटून तिकडे पाठवावं, असं आपल्याला वाटतं का? शिवाय आश्रमशाळेबद्दल विचारलं की शिक्षण विभाग प्रकल्प कार्यालयाकडे बोट दाखवतो आणि पाड्यावरच्या शाळेबद्दल विचारलं की प्रकल्प कार्यालय जिल्हा परिषदेकडे. मूल एकच आहे. त्याच्यासाठी खाती दोन, आणि जबाबदार कुणीच नाही.

आता भाषेचं. आमच्या घरात वारली बोलतात. मुलगी पहिलीत गेली तेव्हा गुरुजींनी चित्र दाखवून विचारलं, “हे काय?” तिनं घरात म्हणतात तो शब्द सांगितला. वर्ग हसला. शब्द बरोबर होता, भाषा वेगळी होती. म्हणजे मराठी हीच तिची शाळेतली पहिली परकी भाषा. इंग्रजी पहिलीपासून, ती दुसरी. पाचवीत हिंदी येते, ती तिसरी. बाजूलाच गुजरात, त्यामुळे बाजारात गुजराती कानावर पडते ती वेगळीच. २०२५ साली पहिलीपासून हिंदी आणायची की नाही यावरून महाराष्ट्र पेटला. एप्रिलमध्ये निर्णय निघाला, जूनमध्ये बदलला, २९ जूनला मागे घेतला, समिती नेमली. लहान मुलांवर भाषेचा भार टाकू नका, हे तेव्हा सगळ्यांनी बजावून सांगितलं. बरोबरच सांगितलं. पण ज्या मुलाला पहिल्याच दिवशी मराठीचा भार उचलावा लागतो त्याची आठवण त्या दोन-अडीच महिन्यांत कुणाला झाली?

राज्यघटनेच्या कलम ३५० अ मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करावी असं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर वर्गाचा आकडाच दिला आहे : शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा. किमान पाचवीपर्यंत! आमची मुलं पाचवी संपवतात तेव्हा घरच्या भाषेतलं एकही पाठ्यपुस्तक त्यांनी हातात धरलेलं नसतं. वर्गात वारली ऐकू येते ती एखाद्या मायाळू शिक्षकानं स्वतःहून शिकून घेतली म्हणून. आमची चित्रं आपल्याला चालतात. मंत्रालयाच्या भिंतींपासून विमानतळांपर्यंत वारली चित्रं रंगवली जातात. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. आमचे ठिपके आणि त्रिकोण राज्याला शोभतात, मग आमचे शब्द वर्गात का शोभत नाहीत?

आणि अशा मुलाची आपण पाचवीत परीक्षा घेता. परीक्षेला माझा विरोध नाही. ढकलपास झालेलं मूल आठवीत अर्ज लिहू शकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१९ मध्ये केंद्रानं कायदा बदलला, २०२३ मध्ये महाराष्ट्रानं नियम केले आणि पाचवीला व आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर जादा मार्गदर्शन, मग पुन्हा परीक्षा, त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात. म्हणजे बालवाडीपासून कधी कुणी ज्याला अडवलं नाही, त्या मुलाला आयुष्यातलं पहिलं ‘नापास’ आता पाचवीत ऐकावं लागेल. ते ऐकवण्याआधी एक हिशोब द्या. २०२२ च्या ‘असर’ अहवालात देशातल्या पाचवीच्या शंभरातल्या सुमारे ४३ मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला होता. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं असं निपुण भारत अभियानात आपण २०२१ साली जाहीर केलं आणि २०२६-२७ ही मुदत ठरवली. आपली मुदत टळली तर पुढची तारीख मिळते. मुलाची टळली तर वर्ष जातं. हा न्याय कुठला?

त्यात ते जादा मार्गदर्शन मे महिन्यात होणार, जेव्हा शिक्षक गावी गेलेले असतात आणि आमची निम्मी घरं पाड्यावर नसतात. घरं कुठं असतात तेही आपल्याला ठाऊक आहे. भात झोडून झालं, दिवाळी सरली की पाड्यावरून टेम्पो भरून माणसं निघतात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्या, मुंबईकडची बांधकामं. बाप्ये ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मागे आजी आणि लहानगी राहतात, किंवा तीही जातात. दहा-अकरा वर्षांचं पोर भट्टीवर बिनकामाचं नसतं. ते धाकट्या भावंडाला कडेवर घेतं, पाणी आणतं, कच्च्या विटा उलथवतं. पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात माणूस भटकंती सोडून एका जागी कसा स्थिरावला ते शिकवतात. तो पाठ येईपर्यंत आमची मुलं गाव सोडून गेलेली असतात.

शाळाबाह्य मुलं शोधायला राज्यानं ४ जुलै २०१५ रोजी एकाच दिवसात मोठी मोजणी केली. जुलै म्हणजे भातलावणीचा महिना, आमची सगळी माणसं घरी असण्याचा महिना. स्थलांतर करणारी मुलं मोजायला ती घरी असतात तोच दिवस कुणाला सुचला असेल? स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी पत्रक आहे. कागदावर घोडं जोरात पळतं. पण टेम्पो दिवाळीनंतर सुटतो, आणि सोयीचा प्रस्ताव तयार होऊन मंजूर होईपर्यंत संक्रांत येते. मुलांना गावात ठेवून घ्यायचं असेल तर टेम्पो सुटण्याआधी जेवणाची आणि झोपण्याची व्यवस्था हवी, एवढं साधं गणित आहे. पाचवीच्या मुलालाही ते सोडवता येईल.

आता शिक्षकांचं. माझा राग शिक्षकांवर नाही. दोन गुरुजी चार वर्ग सांभाळतात, मतदार याद्या करतात, ऑनलाइन माहिती भरतात, तांदळाचा हिशोब ठेवतात आणि उरलेल्या वेळात शिकवतात. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले शिक्षक बदलीची वाट पाहतात, त्यांनाही घर आहे. १५ मार्च २०२४ च्या, पटावरून शिक्षक ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या निर्णयानं कमी पटाच्या शाळांचे शिक्षक आणखी कमी होण्याची वेळ आली. २५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभरच्या शिक्षकांनी सामूहिक रजा टाकली तेव्हा आम्ही पालक त्यांच्या बाजूनं होतो. डोंगरातल्या पाड्यावर पट कमीच असणार. पट कमी म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून मुलं दुसरीकडे जातात, आणि मुलं गेली म्हणून पट आणखी कमी. या चक्रात शाळा बंद पडली, तर ती पालकांच्या अनास्थेमुळे पडली असंच लिहिलं जाईल.

पदं रिकामी आहेत आणि शिकवायला माणसं नाहीत, असं कुणी आपल्याला सांगत असेल तर ते खरं नाही. माझ्यासारखी डी.एड., बी.एड. झालेली आदिवासी मुलं-मुली इथं गावोगाव सापडतील. २०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेनं अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकासह काही पदं स्थानिक आदिवासींसाठी राखली. पुढं ती भरती कोर्टात अडकली. २०२३ मध्ये आपल्या विभागानं रिकाम्या जागी निवृत्त शिक्षकांना महिना २० हजारांवर बोलावण्याचा तोडगा काढला. निवृत्त गुरुजींना मान आहेच. पण ज्यांना मुलांची भाषा येते, जे ओहोळाच्या अलीकडेच राहतात, त्या तरुणांना आधी विचारावं असं का वाटलं नाही? २०२४ मध्ये आदिवासी उमेदवार रस्त्यावर बसले तेव्हा मानधनावर नेमणुकीची वाट निघाली. आपल्याकडे न्याय मागायला आधी रस्त्यावर बसावं लागतं का? माझं नाव निवड यादीत आलं नाही म्हणून हे लिहीत नाही. मी रोज सकाळी सीमा ओलांडून पेन्सिली भरायला जाते तेव्हा वाटेत एक शाळा लागते. तिथं पेन्सिली आहेत, मुलं आहेत, शिकवणारं माणूस कमी आहे. एवढंच लिहिते.

पाचवी हे संधीचंही वर्ष असतं, असं म्हणतात. नवोदय विद्यालयाची परीक्षा पाचवीतच द्यायची असते. पालघर जिल्ह्याचं नवोदय माहीमला. आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात सहावीच्या जागा ८०. त्यासाठी अर्ज ऑनलाइन, आणि परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न. त्यातले निम्मे बौद्धिक क्षमतेचे, ज्यांचा शाळेत तासच नसतो. मागच्या वर्षी आमच्या पाड्यावर नवोदयचा अर्ज किती जणांनी भरला? एकानंही नाही, कारण तारीख गेल्यावर तारीख कळली. शिष्यवृत्ती परीक्षेचं तर वेगळंच. ती वर्षानुवर्षं चौथी-सातवीला होती. मग आपण ती पाचवी-आठवीला नेली, आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. प्रत्येक फेरबदलात शहरातले क्लासवाले नवी पुस्तकं छापतात. आमच्याकडे परीक्षा कुठल्या इयत्तेला आहे हे कळेपर्यंत मूल त्या इयत्तेतून पुढं गेलेलं असतं.

महोदय, हा मुलूख शिक्षणाला नवा नाही. देशात ज्याला आज अंगणवाडी म्हणतात, तिचा प्रयोग याच डहाणू तालुक्यात झाला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढं ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर या बायकांनी मुलांना दोष दिला नाही. मुलं पाड्यावर होती, तर शाळा पाड्यावर गेली. मुलं गुरं चारायला रानात होती, तर कुरणशाळा रानात भरली. १९४५ सालीच तलासरीजवळच्या झरी गावात गोदावरी परुळेकरांच्या साथीनं वारल्यांनी वेठबिगारी झुगारली. ज्या माणसांना तोवर कुणी माणूस म्हणून मोजत नव्हतं, त्यांनी मान वर केली. त्या काळी, हाताशी पैसा नसताना, दोन बायका मुलामागे रानात जाऊ शकल्या. आज सरकारजवळ सगळं असताना शाळेला ओहोळ ओलांडता येत नाही?

पैसा नाही असं आपण म्हणू शकत नाही, कारण पैसा आमच्या दारावरूनच जातो आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. खर्च ७६ हजार कोटींच्या वर. बुलेट ट्रेन डहाणू-तलासरीतून जाते, मुंबई-बडोदा द्रुतगती मार्गही इथूनच. त्यासाठी मोजणी झाली, खांब रोवले गेले, डोंगर फुटले, आणि या कामांना कुठला ओहोळ आडवा आला नाही. नोव्हेंबर २०१८ पासून इथं भूकंपाचे धक्के बसू लागले तेव्हा धुंदलवाडीच्या बाजूची मुलं भिंतींच्या भीतीनं वर्गाबाहेर तंबूत शिकली. तेव्हाही आम्ही म्हटलं, चालेल, शाळा तर चालू आहे. बंदरात स्थानिकांना नोकऱ्या मिळतील असं सांगितलं जातं. बंदर उभं राहून चालू लागेल तेव्हा आज पाचवीत जाणारी मुलं कामाच्या वयाला येतील. पाचवीत सुटलेल्या मुलाला तिथं कुठलं काम मिळेल, हे आपणही जाणता आणि आम्हीही.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. म्हणजे आमची पाचवी दुहेरी आहे. एक पाचवी सांगते की या भागाकडे राज्यानं विशेष लक्ष द्यावं. दुसऱ्या पाचवीत आमची मुलं गळतात. पहिलीवर भाषणं होतात, दुसरीवर बैठका. दोन्हींच्या मध्ये जो ओहोळ आहे त्यावर साकव कधी पडणार, हे कुणी सांगत नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. दोन्ही तालुक्यांतल्या चौथीपर्यंतच्या प्रत्येक शाळेची यादी काढा. मुलांची पाचवी कुठल्या गावात आहे, चालण्याचं खरं अंतर किती आहे आणि वाटेत ओहोळ वा महामार्ग लागतो का, हे लिहून ती यादी १५ जूनच्या आत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. जिथं अंतर एक किलोमीटरच्या वर आहे तिथं याच वर्षी पाचवीचा वर्ग आणि शिक्षक द्या. वर्ग देता येत नसेल तर शाळेच्या पहिल्या दिवसापासून गाडी द्या, दिवाळीनंतर नको. रिकाम्या पदांवर आधी इथलीच, मुलांची बोली येणारी, पात्र मुलं-मुली घ्या. वारलीतून मराठीकडे नेणारी पुस्तकं पहिलीपासून द्या. हंगामी वसतिगृह टेम्पो सुटण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरातच सुरू करा. आणि पाचवीच्या कुठल्याही मुलाला नापास करण्याआधी, वर्षभरात त्याच्या वर्गावर शिक्षक किती दिवस होता ते त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी येऊ देत. नापास कोण, हे मग पालक ठरवतील.

यातली कुठलीही गोष्ट शक्य नसेल, तर तसं सही-शिक्क्यानिशी लेखी कळवा. आश्वासनं आमच्या समितीच्या वहीत भरपूर आहेत. आम्हाला आता उत्तर हवं आहे. मुलीचा दाखला मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवला आहे. नवीन शाळेत तो द्यावाच लागेल. त्यावरचं ‘शाळा सोडण्याचे कारण’ माझ्या मुलीनं लिहिलेलं नाही, गुरुजींनीही मनानं लिहिलेलं नाही. ते आपल्या कार्यालयानं तेरा वर्षं लिहून ठेवलेलं आहे.

माहितीच्या अधिकारातल्या अर्जालासुद्धा तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शाळा १५ जूनला उघडते. आजपासून आपल्या हाती पंचेचाळीस दिवस आहेत.

आपली,
पाचवीत जाणाऱ्या एका मुलीची आई,
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती,
ता. तलासरी, जि. पालघर